जिभेचा उपास

डब्लिन, ओहायो
१३ फेब्रुवारी १९८६, गुरुवार

मालू,

सलाम. घ्यायचा नसला तर टेबलावर ठेव, तिथे राहील.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. माझ्या मनाने लिहीत नाही हे आधीच सांगते, नाहीतर ताई नमली असं वाटून तू खूश व्हायचीस. लिहावं लागतंय. काल लेंट सुरू झाला, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, आणि आमच्या चर्चच्या मंडळीने यंदा जिभेचा उपास धरलाय. मटण, चहा, टीव्ही ज्याला जे सोडायचं ते त्याने सोडावं. पण ईस्टरपर्यंत, समोर नसलेल्या माणसाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. वाईट नाही, चांगलं नाही, आणि काळजीपोटी तर मुळीच नाही. तोंडातून निघालंच, तर त्याच दिवशी त्या माणसाला फोन करून जे बोललो ते जसंच्या तसं सांगायचं. फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी पत्र टाकायचं.

कल्पना अमोलिककाकांची. आमचे पास्टर, ख्रिसमसला भेटलीस बघ तू त्यांना, बुटके, आठवडाभर टायरच्या कंपनीत इंजिनियर आणि शनिवार-रविवार पास्टर. आम्ही जमतो त्या बेसमेंटमध्ये त्यांनी हे जाहीर केलं. मग काकूंनीच विचारलं, "अहो, वारलेल्या माणसाबद्दल बोललं तर चालेल का?" काका म्हणाले, "त्यांना फोन लागत असेल तर बोला."

तर आता माझा पहिलाच दिवस. काल घरी येताना गाडीत शैलेंद्रने विचारलं, मालिनीचं काही कळलं का. मी म्हणाले, "तिला काय धाड भरलीय? नवरा सोडून गेला तेव्हा रडायला ताई लागत होती, आता ताई नकोशी झालीय." हे मी तुझ्या पाठीमागे बोलले. आता तोंडावर सांगितलं. झालं.

ख्रिसमसच्या जेवणाला जे बोलले ते तुझ्या समोर बोलले होते, तेव्हा ते नियमात बसत नाही. तरी विषय निघालाच आहे तर सांगते. नवरा टिकवायला बाईला आधी तोंड आवरावं लागतं, असं मी आठ माणसांच्या पंगतीत म्हणाले, आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी रुपालीला घेऊन बसने निघून गेलीस. बाहेर बर्फ होतं. शैलेंद्र गाडी काढतो म्हणाला तर त्यालाही नाही म्हणालीस. दहा वर्षांच्या पोरीला घेऊन ओहायो ते न्यू जर्सी बसने! हट्टीपणात तू बाबांच्या वर आहेस.

ईस्टर तीस मार्चला आहे. ये. तू आलीस तर मी काही विचारणार नाही आणि काही सांगणारही नाही. मला फक्त तू यायला हवी आहेस. आईबाबा गेल्यावर मला तुझ्याखेरीज माहेरचं माणूस कोण राहिलंय?

लतिका


२३ फेब्रुवारी, रविवार

मालू,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

काल मंडळीचा महिन्याचा शनिवार होता. बावीस माणसं, आणि आवाज फक्त चमच्यांचा. कुणाला बोलायलाच काही नाही! बर्फ झालं, रस्त्यावरचे खड्डे झाले, बासमती कुठला चांगला ते झालं, आणि मग सगळे आपापल्या ताटात बघत बसले. इतकी वर्षं आपण बोलतो काय ते मला काल कळलं.

जेवणानंतर नेहमीसारखं गोल बसून प्रार्थनेचे विषय. तुमच्या एडिसनच्या मंडळीतही हीच पद्धत. एकेकाने सांगायचं, कशासाठी प्रार्थना करायची, कुणासाठी करायची. एरवी या गोलात किती पीक येतं! "नाव सांगत नाही, पण एका भावाच्या घरी शांती नाही, त्यासाठी." "नाव सांगत नाही, पण एका बहिणीची मुलगी एका अमेरिकन मुलाबरोबर राहतेय, त्यासाठी." डोळे मिटलेले असतात, पण कान टवकारलेले. या वेळी काकांनी बजावलं, स्वतःपुरतंच मागा. तर स्वतःसाठी काय मागायचं ते कुणाला सुचेना. एकाने गुडघेदुखी सांगितली आणि मग ओळीने सात जणांना गुडघेदुखी झाली.

सुलेखाची तर फार पंचाईत. तिने आजवर नाव न सांगता जितकी माणसं उघडी पाडली असतील तितकी नाव सांगूनही कुणी पाडली नसतील. बघ, हे मी सुलेखाबद्दल लिहिलं. आता तिला फोन करणं आलं.

केला. पेन खाली ठेवून केला. सगळं ऐकून ती हसली आणि म्हणाली, "अगं लतिका, तुमच्याकडूनच शिकलो की आम्ही." मी फोन ठेवून दिला. काही माणसांना नियमाचा अर्थच कळत नाही.

आता तुझ्याबद्दलचं. भांडी घासताना अमोलिककाकू म्हणाल्या, दोघी बहिणींत काय बिनसलंय? मी म्हणाले, "मालू लहानपणापासूनच अशी. आम्ही भांडलो की बाबा दोघींना तोंडात पाण्याचा घोट धरून बसवायचे, राग उतरेपर्यंत. मी पाऊण तास धरायची. ती पहिल्या मिनिटाला गिळून टाकायची आणि पुन्हा बोलायला मोकळी." हे खरंच आहे. पण एक मी काकूंना सांगितलं नाही, की गिळून झाल्यावर तू जे बोलायचीस ते "चल ताई, खेळू" असंच असायचं. पाऊण तास पाणी धरून मी काय मिळवत होते देव जाणे.

रुपालीला कोट आखूड झाला असेल. दीपाचा पाठवू का? दीपा सोळाची झाली, तिचं काही मला आता कळत नाही.

लतिका


९ मार्च, रविवार

मालू,

एक बातमी आहे, तुला बहुधा आधीच माहीत असेल. सुलेखाने काल सांगितली, आणि सांगण्याआधी तिने त्या बाईला फोन करून रीतसर परवानगी घेतली होती. उपासाने माणसं कुठल्या थराला गेलीत बघ. बाई म्हणजे उत्तरा, सुलेखाची आतेबहीण, तुझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिच्या नवऱ्याला, रवीला, कॅलिफोर्नियात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागलीय, फ्रीमाँटला घर घेतलंय. ३१ मार्चला निघतायत. कायमचे.

मी घरी येऊन म्हणाले, "बरं झालं, मालूच्या दारासमोरची ब्याद टळली." दीपा किचनच्या टेबलावर अभ्यास करत होती. तिने मान वर करून मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. मग ती आणखी काहीतरी म्हणाली आणि पुस्तकं घेऊन खोलीत गेली. ते काय ते तुला सांगण्याची गरज नाही. ती माझ्या समोर होती, तिच्याबद्दलचं बोलणं नियमात येत नाही.

उत्तराला मात्र फोन करायला हवा होता. ब्याद म्हणाले मी तिला. लाइन बिझी होती असं लिहिणार होते. खरं म्हणजे मी डायलच केलं नाही.

तू तिच्याशी तीन वर्षांत एकदाही बोलली नाहीस ना? दुकानात समोर आली तर तोंड फिरवतेस, असं तू मागच्या उन्हाळ्यात म्हणाली होतीस. मग तशीच राहा. जाऊ दे तिला. जाणाऱ्या माणसाशी आता नव्याने काय बोलायचं? आणि तू ईस्टरला इकडे येशील, तर ती निघेल तेव्हा तू तिथे नसशीलच. बरंच आहे.

हा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. खोडत नाही. तसाच पाठवते.

लतिका


१६ मार्च, रविवार

मालू,

या आठवड्यात तुझ्याबद्दल कुणाशी बोलले नाही. तरी लिहितेय.

मला एवढंच विचारायचंय, की चारुदत्त घर सोडून गेला याचा सगळा दोष बोलणाऱ्या माणसाचाच का? तो पीत होता तो काय कुणी सांगितलं म्हणून पीत होता? गाडीचं लायसन्स गेलं ते पोलिसांनी घेतलं. ते तुमच्या मंडळीतले चार पुरुष हातात पवित्र शास्त्र घेऊन तुझ्या घरी आले, रुपालीच्या देखत त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली, त्यांना काय कुणी आमंत्रण दिलं होतं? एडिसनच्या मंडळीने त्याला उपासना चालवायला निवडलं होतं आणि मग दोन दिवसांत नाव काढून टाकलं, ती काय माझी मंडळी होती? आणि तो! एवढ्या-तेवढ्या लाजेने दारू सुटावी म्हणून असलेली दर गुरुवारची मीटिंग बंद करतो, बायको-पोर टाकून नगरला आईच्या घरी जाऊन बसतो. तूच म्हणायचीस ना की तो मुळातच हळवा आहे?

माझी मंडळी, असं वर लिहून गेले.

त्याच्या पिण्याची गोष्ट तू दोघींनाच सांगितली होतीस. मला, कारण मी बहीण. उत्तराला, कारण तुझी हॉस्पिटलातली संध्याकाळची ड्यूटी आणि चारुदत्तला मीटिंगला सोडायला कुणी हवं होतं. ती दर गुरुवारी त्याला गाडीतून न्यायची, बाहेर दीड तास थांबायची, आणायची. पाच महिने. याबद्दल मी तिला कधी चांगलं म्हटलं नाही. तुझ्याजवळ नाही आणि कुणाजवळच नाही.

डोकं दुखतंय. पुरे करते.

लतिका


२४ मार्च, सोमवार

मालिनी,

काल झावळ्यांचा रविवार झाला, ईस्टरच्या आधीचा. पोरं हातात झावळ्या घेऊन गात होती आणि मला तिथे बसवेना. आज ऑफिसला गेले नाही. शैलेंद्रला सर्दी झाली म्हणून सांगितलं. सर्दी नाही.

आता वाच.

मार्च १९८३, महिन्याचा शनिवार, तोच बेसमेंट. गोल बसलो होतो. एकीने भावाचा ट्यूमर सांगितला. एकाने वडिलांचा व्हिसा नाकारला ते सांगितलं. लोक हळहळत होते. माझी पाळी आली. माझ्याकडे काहीच नव्हतं. नवरा बरा, मुलगी बरी, नोकरी बरी. मी म्हणाले, "न्यू जर्सीतली एक बहीण आहे, नाव सांगत नाही. तिचा नवरा फार्मसिस्ट आहे. दारूपायी त्याचं गाडीचं लायसन्स गेलंय. दर गुरुवारी दारू सोडायच्या मीटिंगला जातो. तिथल्या मंडळीने त्याला पुढारी निवडलंय आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

शब्द हेच होते. मला पाठ आहेत. मला एकच बहीण आहे आणि ती न्यू जर्सीत राहते, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

खोली गप्प झाली, सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मला बरं वाटलं. हे मी गाळणार होते. मला बरं वाटलं, मालू. ट्यूमरवाल्या बाईपेक्षा माझ्यासाठी जास्त वेळ प्रार्थना झाली. अमोलिककाकूंनी माझा हात धरला. मी रडलेसुद्धा.

चौथ्या दिवशी तुझा फोन. तुला हुंदक्यांत बोलता येत नव्हतं. "ताई, सगळ्यांना कळलं, कुणी सांगितलं असेल गं?" मी म्हणाले, "उत्तराला विचार." तेवढंच. शपथ घातली नाही, खोटंही म्हणता येणार नाही असं बोलले. आणि तू तिला विचारलंसुद्धा नाहीस, थेट दार लावून घेतलंस, कारण ताई सांगतेय. मग गुरुवारी चारुदत्तला न्यायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. सप्टेंबरात तो नगरला निघून गेला.

त्या दिवशी किचनमध्ये दीपाने विचारलं होतं, "व्हाय डू यू हेट उत्तरामावशी?" मी म्हणाले, तिने चारूकाकांची गोष्ट गावभर केली. ती म्हणाली, "नो, मॉम. यू डिड. आय वॉज सिटिंग नेक्स्ट टू यू." तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तीन वर्षं ती हे मनात ठेवून माझ्या हातचं जेवतेय.

तू म्हणशील आज का. कारण पुढच्या सोमवारी उत्तरा जाईल, माझा आळ घेऊन जाईल, आणि मग तुला सांगायची वेळच येणार नाही. आणि ते मला चालणार होतं. मागच्याच्या मागच्या पत्रात मी तेच तर मागत होते. तू वाचताना ओळखलं नसशील, मी लिहिताना ओळखलं होतं.

माफी मागायला तोंड नाही. ख्रिसमसला तुला तोंड आवरायला सांगितलं ते मी! ईस्टरला ये असं लिहिलं होतं ते मागे घेत नाही. तू येणार नाहीस हे मला कळतं. तरी मी गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसणार, त्याला माझा इलाज नाही.

उत्तरा तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. हे पत्र गुरुवारी पोचेल. तीन-चार दिवस तुझ्या हातात आहेत.

लतिका


१ एप्रिल, मंगळवार

मालू,

शनिवारी संध्याकाळी उत्तराचा फोन आला. मी आवाज ओळखला. मला वाटलं, आता ही मला सोलणार. सोलावं असंच मला वाटत होतं.

ती म्हणाली, "लतिकाताई, मालिनी आलीय इथे. पॅकिंगला मदत करतेय. तुमचं पत्र मला वाचायला दिलं." मी म्हणाले, "उत्तरा, मी तुझी..." तर ती म्हणाली, "मला माहीत होतं, ताई. त्याच शनिवारी सुलेखाने मला फोन केला होता, मालिनीच्या नवऱ्यासाठी प्रार्थना कर, लतिकाने सांगितलंय म्हणून."

तीन वर्षं, मालू. तू तिच्याकडे बघून दुकानात तोंड फिरवत होतीस आणि तिला माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस. ती म्हणाली, "चारूभाऊ काही टिकत नाहीत हे दिसतच होतं. त्यात तुम्हीही गेला असता तर तिला माहेरचं कोण राहिलं असतं? मैत्रीण काय, मिळते दुसरी." आणि मग म्हणाली, "मिळाली नाही तिला. ते माझं चुकलं."

मला तिचा राग आला. तुला खोटं वाटेल, पण पहिल्यांदा रागच आला. एवढं चांगलं असायची काही गरज होती का? तिने स्वतःला बाजूला काढून तुझ्यासाठी बहीण राखली. आणि त्या बहिणीने काय केलं, तर तुला पंगतीत बसवून आठ माणसांसमोर बोलून घालवलं. उत्तराने माझ्यासाठी तोंड मिटलं आणि ते माझ्यावर वाया गेलं. मी चाळीस दिवस नियम पाळून मिरवत होते. ती कुठल्याही लेंटशिवाय हजार दिवस गप्प होती.

फोन ठेवताना मी विचारलं, मालू आहे का तिथे, देतेस का? तिने मागे वळून तुला विचारलं. मागे टेप ओढल्याचा आवाज येत होता, खोक्याला लावायची चिकटपट्टी. मग ती म्हणाली, "ती नको म्हणतेय, ताई." चिडून म्हणाली का, मी विचारलं. "नाही, नुसतं नको म्हणाली." तू तेव्हा काय बांधत होतीस, भांडी की पुस्तकं, याचाच मी रात्रीपर्यंत विचार करत होते.

रविवारी तू आली नाहीस. दीपाने न सांगता एक ताट जास्त मांडलं होतं. मी ते उचलू दिलं नाही.

उपासनेनंतर काकांनी साक्षी मागितल्या, जिभेच्या उपासाने कुणाला काय दिलं. एकेक जण उठला. सुलेखा रडली. काकूंनी सांगितलं की जावेशी वीस वर्षांनी गोडीत बोलणं झालं. मग काका म्हणाले, "लतिकाबाई, तुम्ही तर पत्रंसुद्धा लिहीत होता. तुमची साक्ष?"

मालू, साक्ष तयार होती. त्या खोलीत त्याहून चांगली साक्ष कुणाचीच नव्हती. माझं पाप, माझी कबुली, उत्तराचा मोठेपणा, सगळं होतं. नाव न घेताही सांगता आलं असतं. खोली गप्प झाली असती, काकूंनी हात धरला असता, आणि मी पुन्हा रडले असते. पहिलं वाक्य जिभेवर आलंही होतं. ते कसं लागतं ते मला माहीत आहे.

मी बसून राहिले. नाही म्हणाले. सुलेखा कुजबुजली, "उपास मोडला वाटतं हिचा." मी तिला हो म्हणाले.

काल सोमवारी उत्तरा गेली असेल. तू विमानतळावर गेली होतीस का ते मी कुणाला विचारलेलं नाही. पत्रात काय लिहिलं ते शैलेंद्रलाही सांगितलेलं नाही, दीपालाही नाही. तुझ्याबद्दल मी आता कुणाशी बोलत नाही. अमोलिककाकांनी नियम उठवलाय, मी उठवलेला नाही. त्यामुळे एक झालंय, की तुला लिहायला माझ्याकडे काही निमित्त राहिलेलं नाही. यानंतर माझं पत्र आलं नाही, तर रागावले असं समजू नकोस. मी गप्प आहे असं समज.

तुझी,
ताई